हॅरिसन पार्कमधला दिया दे मुएर्तोस, मोनार्क फुलपाखरं आणि उद्यान राखणारी माणसं

मृद्‍गंध

शिकागोच्या पिल्सन भागात हॅरिसन पार्क नावाचं उद्यान आहे. नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट हे संग्रहालय याच उद्यानात उभं आहे. ऑक्टोबर संपत आला की इथे दिया दे मुएर्तोस, म्हणजे गेलेल्या माणसांच्या स्मरणाचा मेक्सिकन सण, उघड्या आभाळाखाली साजरा होतो. आपल्यातले कितीतरी जण शिकागोच्या आसपास राहतात, पण या सणाला गेलेलं कोणी फारसं भेटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागेबद्दल. पिल्सन हे नाव चेक लोकांनी दिलेलं, त्यांच्याकडच्या एका शहरावरून. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागोतल्या नव्या आवारासाठी जवळची वस्ती हलवली गेली आणि तिथली बरीच मेक्सिकन कुटुंबं पिल्सनमध्ये आली. पुढे कार्लोस तोर्तोलेरो आणि त्यांच्यासारख्याच काही शिक्षकांनी १९८२ साली संग्रहालयाची स्थापना केली आणि १९८७मध्ये उद्यानातल्या इमारतीत त्याचं दार उघडलं. तेव्हापासून आजपर्यंत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दिया दे मुएर्तोसचं प्रदर्शनही सुरुवातीपासून दर वर्षी असतं. उद्यानातला सोहळा हा त्या प्रदर्शनाला फुटलेला मोठा धुमारा म्हणता येईल.

सणाचे मुख्य दिवस १ आणि २ नोव्हेंबर. पहिला दिवस लहानपणी गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. उद्यानातला कार्यक्रम सोयीने जवळच्या शनिवारी ठेवतात. कुटुंबं, शाळा, वस्तीतल्या संस्था आपापली ओफ्रेंदा मांडतात. ओफ्रेंदा म्हणजे गेलेल्या माणसासाठी सजवलेली मांडणी: फोटो, मेणबत्त्या, मीठ, प्यायचं पाणी (दूरचा प्रवास करून आलेल्याला तहान लागते ना), पान दे मुएर्तो नावाचा गोडसर पाव, त्या माणसाच्या आवडीचा पदार्थ आणि ढीगभर झेंडू. कोपाल नावाच्या राळेचा धूर सगळीकडे दरवळत असतो. वर दोरीला पापेल पिकादो, म्हणजे छिन्नीने नक्षी कातरलेले रंगीत पातळ कागद. एखाद्या मांडणीत बेसबॉलची टोपी असते, एखादीत शिवणयंत्राचा पाय, एखादीत लाडक्या कुत्र्याचा फोटो. लोक थांबतात आणि घरातलं माणूस पुढे येऊन सांगतं, ‘ही माझी आजी. हिच्या हातचं मोले, हा मसालेदार रस्सा, कुणालाच जमला नाही.’ ओळख ना पाळख, आणि तुम्ही उभ्याउभ्या एका आजीची गोष्ट ऐकत असता.

मग शंख वाजतो. दान्सा आस्तेका, म्हणजे आस्तेक परंपरेचा नाच, करणारे नर्तक गोल धरतात, चारी दिशांना वंदन करून परवानगी मागतात आणि उएउएत्ल या उभ्या ढोलावर नाच सुरू होतो. डोक्यावर लांब पिसांचे मुकुट, पायांत सुक्या कवचांचे चाळ. ही माणसं गवतावर, मातीवर नाचतात. अंधार पडला की संग्रहालयाच्या भिंतीवर प्रकाशचित्रं सोडतात, त्यांत गेलेल्यांचे चेहरे दिसतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला, ती. या सणात चिमुकल्यांच्या पाठीवर, चेहऱ्यांवर, ओफ्रेंदांवर सगळीकडे नारिंगी-काळं मोनार्क फुलपाखरू असतं. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याच्या डोंगरांत ही फुलपाखरं नेमकी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोचतात. तिथल्या लोकांच्या श्रद्धेनुसार ती परत आलेली पितरं असतात. शिकागोतल्या मेक्सिकन लोकांत मिचोआकानहून आलेले खूप आहेत. आणि हीच फुलपाखरं उन्हाळ्यात कुठे वाढतात? इलिनॉयमध्ये, आयोवामध्ये, मिशिगनमध्ये, पार कॅनडाच्या दक्षिणेपर्यंत. उन्हाळ्यातल्या पिढ्या दोन ते सहा आठवडे जगतात. उन्हाळ्याच्या शेवटी जन्मलेली पिढी मात्र आठ-नऊ महिने जगते आणि तीच दक्षिणेकडे उडत जाते, काही फुलपाखरं तर ४,००० किलोमीटरपर्यंत. वाट दाखवायला कोणी नसतं. त्यांच्या पणजोबांनीच काय तो तो डोंगर पाहिलेला असतो.

म्हणजे हॅरिसन पार्कात ओफ्रेंदा मांडणारं कुटुंब आणि मिचोआकानमधल्या गावी राहिलेली त्यांची माणसं यांच्यामध्ये खरोखर ये-जा करणारा जीव हा एकच. कागदपत्रांमुळे कित्येकांना दशकानुदशकं गावी जाता आलेलं नाही, आईबापांच्या मातीला जाता आलेलं नाही. स्थलांतरितांच्या हक्कांच्या मोर्च्यांतही म्हणूनच हे फुलपाखरू फलकांवर दिसतं.

मिशिगन सरोवराच्या काठाने बर्नहॅम वाइल्डलाइफ कॉरिडॉर नावाचा देशी झाडा-गवतांचा पट्टा आहे. तिथे फील्ड म्युझियम आणि उद्यान खात्याने वेगवेगळ्या समाजांना स्वतःच्या बैठकीच्या जागा घडवायला दिल्या. मेक्सिकन समाजाने घडवलेल्या जागेचं नाव ‘ला रोंदा पाराकाता’. पाराकाता म्हणजे मिचोआकानमधल्या मूलनिवासींच्या पुरेपेचा भाषेत फुलपाखरू. हेक्टर दुआर्ते आणि अल्फोन्सो ‘पिलोटो’ निएव्हेस या कलाकारांनी ती उभारली आहे. तिथे बसलं की भोवती प्रेअरीची, म्हणजे इथल्या मूळ गवताळ रानाची, झाडं, जवळच सरोवर. सण वर्षातून एकदा येतो, पण या जागेची निगा बारा महिने ठेवावी लागते, आणि लोक ती ठेवतात.

मला जे मनापासून वाटतं ते सांगते. इथे उद्यान म्हणजे फक्त मांडव घालायची जागा नाही. माती, फूल, फुलपाखरू हे सणाचेच मानकरी आहेत. तुमच्या शहरांत असं काही पाहिलं असेल तर जरूर लिहा.

पिठलंभाकरी

फार सुंदर लिहिलं आहेस. शिवणयंत्राचा पाय वाचून माझी आईच आठवली.

दोन शंका. लहान मुलांना कवट्या-सांगाडे बघून भीती वाटते का? माझी धाकटी साडेचार वर्षांची आहे. आणि आम्ही घरात सगळे शाकाहारी, तिथे खायला काय मिळेल?

मृद्‍गंध

पिठलंभाकरीताई, भीती अजिबात वाटत नाही. सगळे सांगाडे हसरे, नटलेले असतात. टोपीवाली बाई दिसते ती कात्रिना. होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराने १९१०च्या सुमारास तिचा ठसा कोरला. फ्रेंच थाटाची हॅट घालून मिरवणाऱ्या बायकांची त्याने टर उडवली होती, की शेवटी तुमचीही हाडंच राहणार. पुढे दिएगो रिव्हेराने १९४७च्या भित्तिचित्रात तिला नखशिखान्त पोशाख चढवला. मुलं साखरेच्या कवट्यांवर आयसिंगने नावं घालतात, चेहरे रंगवून घेतात. माझी भाची चेहरा धुवायलाच तयार नव्हती.

खाण्याचं जपून. तामालेस म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेला पदार्थ. त्याचं सारण भाजीचं असलं तरी पिठात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते. फ्रिहोलेसमध्येही, म्हणजे शिजवलेल्या घेवड्यातही, असू शकते. ‘मान्तेका?’ (चरबी आहे का?) एवढं विचारलं तरी खरं सांगतात. बिनधोक खाता येईल असं म्हणजे मक्याचं कणीस किंवा वाटीतले दाणे, एलोते आणि एस्कितेस. वर मेयोनेज असतं, अंडं चालत नसेल तर नको म्हणा. आंबा, काकडी, हिकामा नावाचं कुरकुरीत कंदमूळ लिंबू-तिखट लावून मिळतात. थंडी असेल तर मक्याच्या पिठाचं गरम चाम्पुर्रादो घ्या, चॉकलेट घातलेलं असतं. मुलं खूश.

कोकणकडा

मी रत्नागिरीचा, वनस्पतींच्या नादाला लागलेला माणूस. मेक्सिको पाहिलेला नाही, पण धागा वाचताना परसातच फिरत असल्यासारखं वाटलं. कारण सांगतो.

त्या ओफ्रेंदेवरचा झेंडू, सेम्पासुचिल, हाच आपला दसऱ्याचा झेंडू. टॅजेटेस इरेक्टा. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला आणि इतका आपला झाला की आता त्याच्याशिवाय तोरण होत नाही. निशिगंध तिकडचाच. चिकू तिकडचा. लाल चाफाही तिकडचा. शेताच्या बांधावरची गिरिपुष्पसुद्धा.

नर्तकांच्या पायांतल्या चाळांबद्दल वाचून मी ताडकन उठलो. ते आयोयोते ना? थेवेशिया प्रजातीतल्या झाडाच्या फळांची टणक कवचं. म्हणजे आपल्या बिट्टीची, पिवळ्या कण्हेरीची सख्खी भावंडं. आम्ही लहानपणी बिट्ट्यांनी खेळायचो. त्यांचा कुणी घुंगरांसारखा उपयोग करत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. (झाड पूर्ण विषारी आहे. मुलांच्या तोंडात काही जाणार नाही हे मात्र पाहावं.)

आता फुलपाखरू. मोनार्कची अळी मिल्कवीड या चिकाच्या झाडाखेरीज दुसरं काही खात नाही. त्याच कुळातली आपली रुई. आणि मोनार्कचा जवळचा नातेवाईक आपल्याकडे रुईवरच अंडी घालतो, प्लेन टायगर. रंग तोच नारिंगी, कडा काळी, टोकाला पांढरे ठिपके. चिकातलं विष अळीच्या अंगात साठतं आणि पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, हेही दोघांत सारखंच. मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहणाऱ्या आपल्या लोकांनी त्या पानांखाली वळून पाहिलं तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी बहुतेक वेळा सापडेल.

सॅनदिएगोकर

धाग्याबद्दल आभार. माझ्या घराजवळ याच जातीची, पण फार वेगळ्या इतिहासाची जागा आहे. चिकानो पार्क. चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन.

सॅन दिएगोचा बॅरिओ लोगन हा मेक्सिकन वस्तीचा भाग. १९६०च्या दशकात आधी महामार्गाने वस्ती चिरली, मग १९६९मध्ये कोरोनाडो पूल झाला. घरं गेली, डोक्यावर काँक्रीट आलं. पुलाखाली उद्यान करून देऊ असा शब्द लोकांना दिला होता. २२ एप्रिल १९७० रोजी तिथे बुलडोझर लागलेले दिसले. चौकशी केल्यावर कळलं की उद्यान नाही, हायवे पोलिसांचं ठाणं होणार आहे. शाळा-कॉलेजची पोरं, बायका, म्हातारी माणसं सगळी यंत्रांपुढे जाऊन उभी राहिली. बारा दिवस जागा सोडली नाही. आणि त्या बारा दिवसांत त्यांनी काय केलं? जमीन नांगरली, निवडुंग लावले, मागेय म्हणजे घायपाताच्या जातीची झाडं लावली, फुलझाडं लावली. उद्यान मिळायच्या आधीच उद्यान करायला घेतलं!

शेवटी सरकारला मान्य करावं लागलं. १९७३पासून पुलाच्या खांबांवर चित्रं काढायला सुरुवात झाली. त्यामागे साल्व्हादोर तोर्रेस या कलाकाराचं मोठं स्वप्न होतं. आज ८०च्या वर भित्तिचित्रं आहेत आणि २०१६मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. दर वर्षी २२ एप्रिलच्या लगतच्या शनिवारी चिकानो पार्क डे असतो. दान्सा आस्तेका, बाले फोल्क्लोरिको हे मेक्सिकन लोकनृत्य, जमिनीला टेकणाऱ्या रंगीत जुन्या गाड्या, आणि मधोमध माया संस्कृतीतल्या देवळाच्या घडणीचं व्यासपीठ.

वरून वाहनं धडधडत असतात. पण खाली निवडुंगाच्या रांगा आहेत, खांबांवर सूर्य, मका, साप, गरुड आहेत. पुलाने झाकलेल्या जमिनीवर निसर्ग परत आणायचा तर तो रंगवावाही लागतो आणि पेरावाही लागतो. या लोकांनी दोन्ही केलं. मला इथे राहायला आल्यावर या उद्यानानेच शहर समजावून दिलं.

स्पष्टवक्ता

धागा आवडला, पण एक-दोन मुद्दे खटकले. राग मानू नये.

पहिला: फुलपाखरू आणि मृतांचा सण ही जोडी कितपत जुनी आहे? पुरेपेचा लोकांचा मुख्य प्रदेश पात्सकुआरो सरोवराच्या आसपास, आणि मोनार्कचे डोंगर तिथून बरेच पूर्वेला, जिथे मासाहुआ आणि ओतोमी या दुसऱ्या मूलनिवासींची गावं आहेत. शहरातल्या सोहळ्यांत हे सगळं एकत्र कालवलं जातं असं मला वाटतं.

दुसरा: अशा सोहळ्यांत पाळलेली फुलपाखरं डब्यांतून आणून सोडतात असं वाचलं आहे. ते निसर्गप्रेम कसं? मोठ्या संख्येने एकत्र वाढवलेल्या फुलपाखरांतून रोग पसरतात. अमेरिकेतल्या संवर्धन संस्था घाऊक वाढवून सोडण्याच्या विरोधात आहेत.

आणि तिसरा: हजारो माणसं गवत तुडवून गेल्यावर उद्यानाचं काय होतं?

टेक्सासची_वाट

दुसऱ्या मुद्द्यावर मी बोलू शकते. मी सॅन अँटोनियोत राहते. इथे २०१६पासून ऑक्टोबरात मोनार्क आणि परागीभवन करणाऱ्या जीवांचा महोत्सव असतो. हे शहर मोनार्कच्या वाटेवर अगदी चिंचोळ्या जागी आहे. कॅनडापासूनचे थवे टेक्सासमधूनच मेक्सिकोत शिरतात. महापौरांनी करायच्या मोनार्क प्रतिज्ञेत चोवीस कामं सुचवलेली आहेत, ती सगळी करण्याचं वचन देणारं हे देशातलं पहिलं शहर. मुलं पंख लावून मिरवणुकीत येतात. कुणी मधमाशी, कुणी वटवाघूळ.

इथे फुलपाखरांच्या पंखावर छोटा गोल चिकटपट्टीचा ठिपका लावून सोडतात. त्यावर क्रमांक असतो. कॅन्सस विद्यापीठातला मोनार्क वॉच हा प्रकल्प १९९२पासून हे करतो आहे. ठिपका लावलेलं फुलपाखरू मिचोआकानच्या जंगलात सापडलं की कळतं, कुठून निघालं, किती दिवस लागले. काही कुटुंबं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घेऊन फुलपाखरू सोडतात. मी ते पाहिलं आहे आणि पाहताना घसा दाटून येतो, हे सांगायलाच हवं.

तरीही स्पष्टवक्ता यांचा आक्षेप मला पटतो. एका फुलपाखराला ठिपका लावून सोडणं आणि लग्नाच्या मांडवात शेकड्यांनी सोडणं यांत फरक आहे, पण रोगाची भीती खरी आहे. ओई नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. मादीच्या अंगावरून तो पानांवर पडतो, अळी तो पान खाताना गिळते, आणि फुलपाखरू कोशातून बाहेर येतं ते चुरगळलेल्या पंखांनी. टेक्सासात तो वाढण्याचं एक कारण म्हणजे नर्सरीत मिळणारं उष्ण कटिबंधातलं मिल्कवीड. लाल-पिवळी फुलं, दिसायला गोड. पण ते थंडीत मरत नाही. फुलपाखरं पुढे जायचं सोडून तिथेच रेंगाळतात आणि पानांवर परजीवी साचत जातो. म्हणून इथे आता सांगतात की देशी जाती लावा, आणि हे आधीच लावलेलं असेल तर शरद ऋतूत बुडाशी छाटून टाका.

कोकणकडा

टेक्सासची_वाट, ती लाल-पिवळ्या फुलांची झुडपं म्हणजे आपलं हळदीकुंकू! अस्क्लेपियस कुरासाविका. कोकणात ओढ्याच्या कडेला, पडीक जागी माजलेलं असतं. आपल्याकडे आमचे प्लेन टायगर त्यावर मजेत जगतात, त्यांना हजारो मैल जायचं नसतं. तेच झाड एका जागी निरुपद्रवी आणि दुसऱ्या जागी स्थलांतर बिघडवणारं. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं.

मृद्‍गंध

स्पष्टवक्ता, राग कसला? असे प्रश्न आले तरच धाग्याला अर्थ.

पहिल्या मुद्द्याबद्दल: भूगोल तुम्ही म्हणता तो बरोबर आहे. मासाहुआ गावांत ही श्रद्धा आहे, पुरेपेचा लोकही ती सांगतात, आणि शिकागोत आल्यावर या दोन्हींच्या सीमा पुसट झाल्या असतील. पण गावं सुटली की सण असेच एकमेकांत मिसळतात. मिचोआकानचा, पुएब्लाचा, ग्वेर्रेरोचा माणूस एकाच इमारतीत राहतो, एकाच उद्यानात ओफ्रेंदा मांडतो. मला त्यात भेसळ दिसत नाही. शिवाय ही श्रद्धा शास्त्रज्ञांच्या माहितीपेक्षा जुनी आहे. फुलपाखरं हिवाळ्यात जातात कुठे, हे कॅनडाचे फ्रेड अर्कहार्ट कित्येक दशकं शोधत होते. त्यांच्यासाठी फिरणारे केन ब्रगर आणि मिचोआकानच्याच कातालिना आग्वादो जानेवारी १९७५मध्ये त्या डोंगरावर पोचले. डोंगराखालच्या शेतकऱ्यांना मात्र फुलपाखरं दर वर्षी कुठे उतरतात हे आधीपासून ठाऊक होतं.

आता हे सगळं टिकणार का, ती काळजी खरी. सुमारे ३,००० मीटर उंचीवर ओयामेल नावाच्या फर वृक्षांवर ही फुलपाखरं इतकी दाटीने बसतात की एकेक मोजता येत नाहीत. म्हणून किती हेक्टर जंगल व्यापलं त्यावरून हिशेब ठेवतात. १९९६-९७च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांच्या वर होतं. २०१३-१४मध्ये ०.६७. २०२३-२४मध्ये ०.९०. २०२४-२५मध्ये थोडं सावरून १.७९. एक कारण तिकडची जंगलतोड. दुसरं कारण इकडचं, आपल्या इलिनॉय-आयोवाचं. तणनाशकाला न दबणारी मका-सोयाबीनची वाणं १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि शेतांमधलं मिल्कवीड जवळपास संपलं. इलिनॉयच्या मूळ प्रेअरीचा दहा हजारांत एक भाग कसाबसा शिल्लक आहे. २०१९मध्ये फील्ड म्युझियमच्या संशोधकांनी मांडलं की पूर्व अमेरिकेत जितकं मिल्कवीड परत लावायला हवं, त्यातला एक तृतीयांशापर्यंत वाटा शहरं उचलू शकतात. अंगणं, उद्यानं, रस्त्यांच्या कडा मिळून. हॅरिसन पार्कसारख्या जागांचं मोल इथे आहे.

आणि हे राखणं किती जोखमीचं आहे तेही लिहिते. मिचोआकानमधल्या एल रोसारियो अभयारण्याचे व्यवस्थापक ओमेरो गोमेस गोन्सालेस पूर्वी लाकूडतोडे होते. नंतर जंगल वाचवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. फुलपाखरांच्या थव्यात हात पसरून उभे असलेले त्यांचे व्हिडिओ जगभर गेले. जानेवारी २०२०मध्ये ते बेपत्ता झाले आणि २९ तारखेला त्यांचा मृतदेह सापडला. काही दिवसांतच तिथल्याच राउल एर्नांदेस रोमेरो या वाटाड्याचाही. त्यामुळे ओफ्रेंदेवर कागदी मोनार्क दिसला की मला तो निव्वळ शोभेचा वाटत नाही.

तिसरा मुद्दा, गवत तुडवलं जातं, तो मान्य. मात्र ज्या वस्तीचा सण उद्यानात होतो, ती वस्ती उद्यानासाठी भांडतेही.

सव्विसावी_गल्ली

त्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून पुरावा. मी शिकागोतल्याच लिटल व्हिलेज या वस्तीच्या शेजारी राहतो. मेक्सिकन लोक तिला ला विलिता म्हणतात. दाट वस्ती, पोरंटोरं भरपूर आणि पूर्वी मोठं उद्यान जवळपास एकच होतं. वस्तीच्या एका टोकाला कोळशावरचं वीज केंद्र, दुसरीकडे छपरांसाठी डांबरी माल बनवणाऱ्या कारखान्याची सोडलेली जमीन. त्या जमिनीतला कोळशाच्या डांबराचा विषारी अंश शेजारच्या घरांच्या परसांत उतरला होता. लोकांनी, विशेषतः आयांनी, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. लिटल व्हिलेज एन्व्हायर्न्मेंटल जस्टिस ऑर्गनायझेशन ही संस्था त्यातूनच वाढली. २०१२मध्ये ला विलिताचं क्रॉफर्ड आणि पिल्सनचं फिस्क ही दोन्ही वीज केंद्रं बंद झाली. डिसेंबर २०१४मध्ये त्या विषारी जमिनीच्या जागी ला विलिता पार्क उघडलं, एकवीस-बावीस एकरांचं.

लढाई तिथे संपली नाही. एप्रिल २०२०मध्ये, महासाथ ऐन भरात असताना, क्रॉफर्डची जुनी चिमणी पाडली आणि धुळीचा लोट सगळ्या वस्तीवर बसला. श्वसनाचा आजार शहरभर पसरलेला असताना! लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. मी या लोकांचा शेजारी आहे याचा मला अभिमान वाटतो.

त्या उद्यानात संध्याकाळी जाऊन बघा. फुटबॉल, स्केटबोर्ड, बाकांवर आज्या, गेटावर घंटा वाजवत उभा असलेला पालेतावाला, म्हणजे कांडीवरचा बर्फगोळा विकणारा. इथली मोकळी हवा लोकांनी लढून मिळवली आहे.

पिठलंभाकरी

वाचता वाचता एक विचार आला, इथेच मांडते. आपले गणपती, दसरा, संक्रांत इथे शाळांच्या सभागृहांत होतात, हवेमुळे तसं करावं लागतं. पण दसरा बहुतेक ऑक्टोबरात येतो, तेव्हा शिकागोत उद्यानात बसण्याजोगे दिवस असतात. झेंडूची रोपं मे महिन्यात लावून, दसऱ्याला तीच फुलं वापरून, उद्यानात सोनं वाटता येईल की. परवानगी कशी काढतात?

सव्विसावी_गल्ली

उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो. लोक किती, तंबू किती, ध्वनिक्षेपक आहे का, यावर शुल्क ठरतं. नियम वर्षागणिक बदलतात, खात्याच्या कार्यालयात विचारणं उत्तम. पण माझं सुचवणं वेगळं आहे. आधी एखाद्या उद्यानाच्या स्वयंसेवकांच्या दिवशी जा. तण काढा, बिया गोळा करा, तिथली माणसं ओळखीची होऊ देत. सण त्यानंतर मांडा. मेक्सिकन शेजाऱ्यांकडून मी हेच शिकलो.

स्पष्टवक्ता

मृद्‍गंध, सविस्तर उत्तराबद्दल आभार. सणांच्या मिसळण्याबद्दलचं म्हणणं मान्य. फुलपाखरं सोडण्याला माझा विरोध कायम आहे, पण मिल्कवीड लावायला मी तयार आहे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला छोटंसं अंगण आहे, उन्हाचं, एका कोपऱ्यात पाणी साचतं. काय लावू?

मृद्‍गंध

पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात स्वॅम्प मिल्कवीड, गुलाबी फुलांचं. कोरड्या उन्हाच्या जागी बटरफ्लाय वीड, नारिंगी. त्याचं मूळ खोल जातं, म्हणून एकदा लावलं की हलवू नका. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून पसरतं, छोट्या अंगणात नको. बी थेट पेरणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा. थंडी खाल्ल्याशिवाय ते नीट उगवत नाही. वसंतात पेरायचं असेल तर ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा. उद्यानातून बी तोडून आणू नका, परवानगी लागते. देशी रोपांच्या नर्सऱ्यांत सहज मिळतं, आणि रोपांवर कीटकनाशक मारलं आहे का ते विचारून घ्या, नाहीतर अळ्या मरतात.

मिल्कवीडसोबत ॲस्टर आणि गोल्डनरॉडही लावा. सप्टेंबरात दक्षिणेकडे निघालेल्या फुलपाखरांना मध त्यांच्यातूनच मिळतो. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हातमोजे घाला.

पिठलंभाकरीताई, हॅरिसन पार्कला यायचं तर गाडी नको, पार्किंग मिळत नाही. पिंक लाइनच्या एटीन्थ स्टेशनवर उतरा, स्टेशनच्या जिन्यांवरही मेक्सिकन चित्रं आहेत, मुलीला दाखवा. तिथून चालत या. दुपारी लवकर आलात तर आत प्रदर्शन शांतपणे बघता येईल, आणि अंधार पडेपर्यंत थांबायचं असेल तर सगळ्यांसाठी जाड जॅकेट घ्या. ज्यांना ओफ्रेंदेवर आपल्या माणसासाठी एखादं फूल ठेवायचं असेल त्यांनी मांडणाऱ्या कुटुंबाला विचारावं. मी विचारलं तेव्हा लगेच जागा करून दिली होती.